शून्य मिलिमीटरची नोंद : पावसाच्या एका संभाव्य प्रदर्शनाविषयी

भारतीय हवामान खात्याला १५ जानेवारी २०२५ रोजी दीडशे वर्षे पूर्ण झाली. १८७५ साली कलकत्त्यात सुरू झालेल्या या खात्याचे मुख्यालय १९०५ मध्ये सिमल्याला गेले, १९२८ मध्ये पुण्याला आले आणि १९४४ मध्ये दिल्लीला हलले. पुण्यात मागे राहिली ती शिवाजीनगरची दगडी इमारत आणि एक नाव. 'सिमला ऑफिस'चा चौक हजारो पुणेकर रोज ओलांडतात. थंड हवेच्या दूरच्या गावाचे नाव आपल्या शहरातल्या चौकाला का पडले, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. पावसाचा अंदाज बांधण्याच्या एका मोठ्या खटपटीची ही भाषेत उरलेली खूण आहे.

हवामान आणि त्याचा संस्कृतीवर पडलेला प्रभाव या विषयावर एखादे वस्तुसंग्रहालयीन प्रदर्शन महाराष्ट्रात व्हावे, आणि ते पुण्यात व्हावे, असे मला अनेक दिवसांपासून वाटते आहे. ते कोण करील आणि त्याला पैसा कोठून येईल, हे प्रश्न प्रस्तुत लेखाच्या कक्षेबाहेरचे आहेत. असे प्रदर्शन झालेच तर त्यात काय मांडावे आणि का, एवढ्यापुरताच हा विचार आहे. मराठीच्या अध्यापकाने या विषयात तोंड का घालावे, असे कोणी म्हणेल. परंतु 'संस्कृतीवरील प्रभाव' हे शब्द आले, की प्रदर्शनाचा निम्मा भाग भाषा आणि साहित्य यांच्या वाट्याला येतो. आणि तोच भाग सर्वात आळसाने केला जाण्याची शक्यता असते.

मुळात वस्तुसंग्रहालय आणि हवामान यांच्यात एक जुने वैर आहे. वस्तुसंग्रहालय ही हवामानाला बाहेर ठेवण्यासाठी उभारलेली संस्था होय. ऊन कागदाचा रंग उडवते, दमट हवा लघुचित्रांवर बुरशी चढवते, लोकरीला कसर लागते, बांबू आणि पाने वाळून तडकतात. म्हणून जाड भिंती, बंद काचपेट्या, आर्द्रतेवर देखरेख ठेवणारी यंत्रे. मुंबईच्या जुलैतली हवा ज्या दालनात शिरू नये म्हणून एवढा खटाटोप, त्याच दालनात जुलै महिना मांडायचा आहे. शिवाय हवामान ही वस्तू नव्हे. तिला लेबल लावता येत नाही. फार तर तिच्यामुळे घडलेल्या, बिघडलेल्या वा नष्ट झालेल्या गोष्टी मांडता येतात.

पाश्चात्त्य संग्रहालयांनी या अडचणीतून काही वाटा काढल्या आहेत. लंडनच्या टेट मॉडर्नच्या भव्य दालनात ओलाफुर एलियासन या कलावंताने २००३ साली पिवळ्या दिव्यांचा एक कृत्रिम सूर्य उभा केला. धुके सोडले, छताला आरसे लावले, आणि लोक जमिनीवर आडवे होऊन त्या सूर्याकडे पाहत राहिले. २०१७ साली बॉन येथे हवामानाची संस्कृती आणि हवामानाचे विज्ञान यांना एकत्र आणणारे मोठे प्रदर्शन भरले. त्यात चित्रे आणि वैज्ञानिक उपकरणे यांना एकाच छताखाली स्थान मिळाले. मला मात्र या सर्वांत जास्त विचार करायला लावते ती २०१२ साली लंडनच्या बार्बिकन केंद्रात मांडलेली 'रेन रूम'. छतातून संततधार पाऊस पडत असतो आणि आपण आत चालू लागलो की संवेदक आपली जागा ओळखतात व आपल्या डोक्यावरचा पाऊस तेवढ्यापुरता थांबतो. चहूकडे पाऊस आणि आपण कोरडे. लंडनकरांनी त्यासाठी तासन्‌तास रांगा लावल्या.

हे वाचल्यावर माणदेशातला माणूस काय म्हणेल? चहूकडे पाऊस आणि आपण कोरडे, हा अनुभव त्याला पिढ्यान्‌पिढ्या विनातिकीट मिळत आला आहे. त्याच्या पश्चिमेला डोंगर ढगांत बुडालेला असतो, त्याच्या माथ्यावरून ढग पूर्वेकडे पळत असतात, आणि त्याच्या रानात धूळ असते.

आपल्याकडे पावसाचे प्रदर्शन भरवायचे ठरले तर काय होईल, याचे चित्र फारसे कष्ट न घेता डोळ्यांसमोर येते. प्रवेशद्वारी पागोळ्यांचा ध्वनिमुद्रित आवाज. मग मेघदूतावरची चित्रे आणि रामटेकचे छायाचित्र. राजस्थानी बारामासा चित्रमालिकांच्या प्रतिकृती. एका कोपऱ्यात मल्हाराचे प्रकार ऐकण्याची सोय. पुढे कोकणातले इरले, घोंगडी, छत्र्यांचे जुने नमुने. भिंतीवर मोठ्या अक्षरांत पावसाच्या मराठी कविता. बाहेर पडताना उपाहारगृहात कांदाभजी. दुसऱ्या मजल्यावर 'विज्ञान दालन' : उपग्रहचित्रे, आलेख, एक फिरणारा पृथ्वीगोल. खाली भावना, वर आकडे. मधल्या जिन्यावर कोणी थांबत नाही.

यातले काहीही खोटे नाही. इरले सुंदर असते, मल्हार तर असतोच. परंतु हा कोणाचा पाऊस आहे? ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे, ज्याचे धान्य कणगीत आहे आणि ज्याला खिडकीत उभे राहण्याची सवड आहे, त्याचा हा पाऊस आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांनी अनेक पिढ्यांना हाच पाऊस शिकवला. उदाहरणार्थ बालकवींची श्रावणावरची कविता. ती मराठीचे वैभव आहे याबद्दल दुमत नाही. पण बालकवी (१८९०–१९१८) धरणगावचे आणि बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) असोद्याच्या. दोघेही आजच्या जळगाव जिल्ह्यातले, वयात अवघे दहा वर्षांचे अंतर. आकाश एकच होते. एकाने त्यातले रंग पाहिले, दुसरीने त्यातून पेरणी होईल की नाही हे पाहिले. बहिणाबाईंच्या कविता पुस्तकरूपाने आल्या त्या १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. आकाशाकडे पाहण्याच्या या दोन रीती प्रदर्शनात शेजारी शेजारी लावल्या, तर वर्गात तासभर बोलून जे साधत नाही ते दोन चौकटींत साधेल.

आता भूगोलाकडे वळू. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर आहे आणि माण तालुकाही आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पलीकडे पाऊस पडतो; माणमध्ये पाचशेच्या आसपास पडला तर वर्ष बरे गेले असे म्हणतात. कारण सर्वांना शाळेत शिकवलेले असते. अरबी समुद्रावरून आलेली बाष्पाची हवा सह्याद्री चढते, वर थंड होते, आपले पाणी घाटमाथ्यावर ओतते, आणि पूर्वेकडे उतरताना तापून कोरडी होते. एका जिल्ह्याचा एक गॅझेटियर, एक जिल्हाधिकारी, एक बोली म्हणावी इतकी जवळची भाषा. आणि पावसात अकरा पटींचा फरक. मराठी माणसाच्या हवामानाबद्दल एकवचनात बोलणे किती धाडसाचे आहे, हे यावरून ध्यानात यावे.

पर्जन्यमापकाची एक शिस्त मला फार मोलाची वाटते. रोज सकाळी साडेआठ वाजता मागील चोवीस तासांचा पाऊस मोजायचा. पडला नसेल तर रकाना मोकळा सोडायचा नाही. तेथे शून्य लिहायचे. मोकळा रकाना म्हणजे कोणी पाहिलेच नाही. शून्य म्हणजे कोणीतरी गेले, पाहिले, आणि पाऊस पडला नव्हता. या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्या सांस्कृतिक स्मृतीत मात्र कोरड्या मुलखाचा रकाना बहुतांशी मोकळाच सोडलेला दिसतो. पावसाच्या प्रदर्शनाचे पहिले कर्तव्य तेथे शून्य लिहिणे हे आहे, असे माझे प्रतिपादन आहे. पडलेला पाऊस दाखवणारे पुष्कळ भेटतील. न पडलेल्या पावसाने काय घडवले हे दाखवणारे कोणी नाही.

काय घडवले? प्रथम, पाहण्याची एक पद्धत घडवली. आपले पंचांग पावसाचा काळ सूर्याच्या नक्षत्रांनी मोजते. ७-८ जूनच्या सुमारास सूर्य मृगात जातो, आणि पुढे साधारण दर तेरा-चौदा दिवसांनी आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा अशी रांग हस्तापर्यंत आणि त्याही पुढे जाते. लोकांनी या कोरड्या गणिताला नाती दिली. पुनर्वसूचा पाऊस 'तरणा', पुष्याचा 'म्हातारा'. हस्ताचा झाला 'हत्ती'. स्वातीच्या थेंबाला मोत्याची योग्यता. पंचांगकर्त्यांनी प्रत्येक नक्षत्राला वाहन जोडले : बेडूक, म्हैस, मोर, गाढव, उंदीर. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, नवाने भागायचे, बाकीवरून वाहन ठरवायचे. या भागाकाराचा ढगांशी काहीही संबंध नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळला अक्षय्यतृतीयेला होणारी घटमांडणी आणि तिच्यावरून दुसऱ्या पहाटे वर्तवले जाणारे भाकीत, यालाही तेच लागू.

परंतु म्हणून या गोष्टी 'लोकश्रद्धा' अशी पाटी लावून वेगळ्या खोलीत ठेवाव्यात, हे मला मान्य नाही. त्या पर्जन्यमापकाच्या शेजारीच, एकाच मेजावर हव्यात. कारण दोहोंच्या मुळाशी एकच भीती आहे. हवामान खाते का निघाले? १८६४ साली कलकत्त्यावर भयंकर चक्रीवादळ आले, १८६६ आणि १८७१ साली पावसाने दगा दिला, आणि सरकारला हवामानाच्या नोंदी एका सूत्रात आणणे भाग पडले. खाते स्थापन झाले आणि दुसऱ्याच वर्षी, १८७६ मध्ये, दख्खनवर महादुष्काळ कोसळला. पुढे १९०४ ते १९२४ या काळात खात्याचे प्रमुख असलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी मोसमी पावसाचा अंदाज बांधता यावा म्हणून जगभरच्या वायुदाबाचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले. त्यातून प्रशांत महासागराच्या दोन टोकांना आलटून-पालटून चढणाऱ्या-उतरणाऱ्या दाबाचा झोका त्यांच्या हाती लागला. एल निन्योच्या आजच्या ज्ञानाचा हा एक पाया. १८७७, १९७२ आणि २०१५ ही तिन्ही वर्षे एल निन्योची होती, हे आज आपण जाणतो. अर्थात प्रत्येक एल निन्यो दुष्काळ आणतोच असे नाही, हेही जाणतो. पंचांग आणि वेधशाळा यांतला भेद भीतीत नाही, चूक तपासण्याच्या तयारीत आहे. वेधशाळा आपला चुकलेला अंदाज आकड्यांत मांडते आणि पुढच्या वर्षी पद्धत बदलते. बेडकाच्या वाहनाला कोणी जाब विचारत नाही. हा भेद दोन मजल्यांत विभागला तर दिसणार नाही, एका मेजावरच दिसेल.

येथे एक बारकावा नोंदवण्याजोगा आहे. आपले नक्षत्रवर्ष ऋतुवर्षाहून सुमारे वीस मिनिटांनी मोठे असते. त्यामुळे सूर्याचा मृगप्रवेश साधारण ७१ वर्षांत एक दिवस या गतीने ऋतूच्या पुढे सरकतो आहे. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी मृग आजच्यापेक्षा ऋतूच्या हिशेबाने दहा दिवस आधी लागत असे. ज्या निरीक्षणांवरून नक्षत्रांचे आडाखे बसले ती निरीक्षणे खरी असतील, आणि तरीही आडाखा आपल्या जागेवरून हळूहळू घसरत आला असेल. परंपरा खोटी ठरवणे किंवा डोक्यावर घेणे, यांखेरीज तिसरीही एक वाट असते : ती तपासणे. असे प्रदर्शन ही वाट दाखवू शकेल.

प्रदर्शनातली सर्वात जुनी वस्तू कोणती असावी? माझ्या मते भाजे किंवा कान्हेरी येथील विहाराचा आराखडा. भिक्षूंनी पावसाळ्याचे महिने भटकंती थांबवून एका जागी राहावे, या वर्षावासाच्या नियमाला सह्याद्रीच्या कातळात इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासून घर मिळाले. या लेण्यांकडे आपण शिल्प आणि धर्म यांच्या दृष्टीने पाहतो. त्यांच्यातली पाण्याची टाकी मात्र पाहायची राहून जातात. कान्हेरीच्या शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे आणि ती खोदून देणाऱ्या दात्यांच्या नोंदी आहेत. चार महिने छप्पर आणि आठ महिने पाणी, अशा दोन्ही गरजांचे उत्तर एकाच खडकात कोरले गेले. हवामानाचा संस्कृतीवरील प्रभाव म्हणतात तो हाच, आणि तो दगडात असल्याने त्याला आर्द्रतेची भीतीही नाही.

मग दुष्काळाचे दालन. ते प्रदर्शनाच्या मध्यभागी असावे, शेवटच्या अंधाऱ्या खोलीत नव्हे. मराठीच्या इतिहासात दुष्काळ ही आडवळणाची घटना नाही. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात देहूच्या एका वाण्याचे दुकान बुडाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, आणि तो माणूस पुढे तुकाराम म्हणून आपल्याला ठाऊक झाला. दुष्काळामुळे संत झाले असे सोपे समीकरण मांडण्याचा येथे हेतू नाही. तरीही त्या वाणीतली रोखठोक निकड त्या उपासमारीपासून वेगळी काढता येईल, असे मला वाटत नाही. १८७६-७७च्या दुष्काळात सावित्रीबाई फुले यांनी २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात जुन्नर भागातील हाहाकार आणि सत्यशोधकांचे मदतकार्य यांचे वर्णन आहे. त्याच काळात पुणे सार्वजनिक सभेने गावोगावची परिस्थिती नोंदवून सरकारपुढे ठेवली. म्हणजे पाऊस न पडल्याने मराठीत एक नवे गद्य निर्माण झाले : पाहिलेले, मोजलेले आणि कोणाला तरी जबाबदार धरणारे. आपल्या वाङ्मयेतिहासात या गद्याला किती पाने मिळतात, हे प्रत्येकाने आपापल्या कपाटातले पुस्तक उघडून पाहावे.

या दालनाविषयी एक पथ्य सांगावेसे वाटते. त्याच महादुष्काळात मद्रास इलाख्यात विलोबी हूपर या लष्करी अधिकाऱ्याने उपाशी माणसांना रांगेत बसवून त्यांची छायाचित्रे घेतली. ती आजही दुष्काळाचा विषय निघाला की सर्वत्र छापली जातात. आपल्या प्रदर्शनात ती नसावीत. हाडांचे सापळे पाहून प्रेक्षकाला हळहळ वाटते आणि हळहळ वाटली की आपले काम संपले असे वाटू लागते. त्याऐवजी कागद मांडावेत. १९७२च्या दुष्काळातील खडी केंद्रावरची हजेरी, हातोडा, सुकडीचे पाकीट, परदेशातून आलेली ती तांबडी मिलो ज्वारी. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. त्या कामांच्या अनुभवातून रोजगार हमी योजना रुजली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि २००५च्या केंद्रीय कायद्याने तोच धागा पुढे नेला. पाऊस पडला नाही तर काम मागण्याचा हक्क आहे, ही कल्पना म्हणजे महाराष्ट्राच्या हवामानाने जगाच्या विचारात घातलेली भर आहे. मेघदूताच्या चित्रांइतकीच ती काचपेटीत ठेवण्याच्या योग्यतेची आहे.

याच रांगेत २०१६ सालचे लातूर येईल. त्या वर्षी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचा आदेश काढावा लागला. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाणीगाडी दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. सह्याद्रीवर पडून कृष्णेला मिळालेला पाऊस रेल्वेने पर्जन्यछायेत गेला. तो आदेश आणि त्या गाडीचे वेळापत्रक, एवढे दोन कागद पुरेत. त्यांच्या शेजारी त्याच मराठवाड्यातील उसाच्या क्षेत्राचा नकाशा टांगला, तर आभाळाकडे बोट दाखवण्याची सोय उरणार नाही.

कारण पाऊस आणि पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाडला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरीही चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांना निषिद्ध होते, आणि ते ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. ढगांनी भेद केला नव्हता. भेद तळ्याच्या काठावर सुरू होत होता. पावसाच्या प्रदर्शनात महाड नसेल तर ते प्रदर्शन निसर्गाचे असेल, संस्कृतीचे नव्हे.

सर्वात शेवटी शब्द. मराठीच्या अध्यापकाला हे दालन सर्वात जवळचे वाटावे यात नवल नाही. पडणाऱ्या पावसासाठी आपल्याकडे सर, झड, भुरभुर, शिडकावा, वळीव असे शब्द आहेत, आणि त्यांची यादी हौसेने केली जाते. न पडणाऱ्या पावसाची यादी कोणी केली आहे काय? उघडीप, खंड, ओढ, ताण, दडी. उघडिपीत अजून दिलासा आहे. दडीत पाऊस हा लपून बसलेला इसम होतो. वाफसा हा शब्द पावसानंतरच्या मातीचा आहे, पण शेतकऱ्याखेरीज तो कोणाच्या तोंडी नाही. पाऊस आला, पेरले, आणि मग त्याने दडी मारली, की येते ती दुबार पेरणी. या दोन शब्दांत एका कुटुंबाचे वर्षभराचे कर्ज असते. आणेवारी आणि पुढची पैसेवारी हे महसूल खात्याचे शब्द, पण पन्नास पैशांच्या वर की खाली यावर गावाचा दुष्काळ सरकारदरबारी खरा की खोटा ते दीर्घकाळ ठरत आले. टंचाई, टँकर, चारा छावणी. आणि 'जगायला जाणे'. दुष्काळात गाव सोडून जाण्याला जगायला जाणे म्हणणारी भाषा गावात राहण्याला काय म्हणत असेल, हे तिने न बोलता सांगून ठेवले आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'चा (१९५५) शेवट याच ओस पडण्यात होतो. हे शब्द ध्वनिमुद्रित करून ऐकवावेत, पागोळ्यांच्या आवाजाऐवजी.

या साऱ्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की हे प्रदर्शन फार खिन्न होईल आणि मुलांना घेऊन कोणी येणार नाही. मला तसे वाटत नाही. मुलांना वाहनांतले गाढव आवडेल, पर्जन्यमापक हाताळायला आवडेल, इरले डोक्यावर घ्यायला आवडेल. यातले काहीच वगळा असे मी म्हणत नाही. शून्य मांडल्यावर आकड्यांना किंमत येते, तशी कोरडेपणाच्या शेजारी त्या श्रावणालाही येईल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : हवामान बदलाच्या काळात जगापुढचा प्रश्न वाढत्या तापमानाचा असताना जुन्या दुष्काळांत रमण्यात काय अर्थ? याला उत्तर असे, की हवामान बदल हा शब्द आपल्याकडे अजून परका आहे. तो आकड्यांतून आला आणि आकड्यांतच राहिला. त्याला स्वीकारायचे तर आपल्या भाषेत त्याची पूर्वपीठिका सापडली पाहिजे. ज्या समाजाला उघडीप आणि दडी यांतला फरक कळतो त्याला पावसाचे दिवस कमी होऊन सरी दांडग्या होणे म्हणजे काय, हे चटकन कळेल. मात्र ते शब्द अजून जिवंत असताना त्याला गाठले पाहिजे.

प्रदर्शनाच्या रचनेविषयी एक व्यावहारिक सूचना करून थांबतो. ते हिवाळ्यात भरवू नये. वैशाखात, वाट पाहण्याच्या दिवसांत ते उघडावे आणि हस्त संपेपर्यंत चालावे. दर नक्षत्राला एखादे दालन बदलावे. इमारतीला मोकळा चौक असावा आणि चौकात खरा, चालता पर्जन्यमापक असावा. रोज सकाळी साडेआठला कोणीतरी, शक्यतो शाळेतल्या मुलाने, त्याची नोंद घ्यावी. दारातल्या फळ्यावर खडूने तीन आकडे लिहावेत : येथला, महाबळेश्वरचा आणि दहिवडीचा. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच शहरात कुलाब्याला सुमारे ७३. एका आकड्यावर विसंबणाऱ्याला एका शहराचेही हवामान कळत नाही, हे तो फळा रोज सांगत राहील.

काही दिवस, कदाचित पुष्कळ दिवस, त्या फळ्यावर तिसऱ्या जागी शून्य असेल. प्रेक्षक येतील, आधी मोठा आकडा वाचतील. संयोजकांनी एवढीच काळजी घ्यावी, की ते शून्य पुसले जाणार नाही आणि ती जागा मोकळी राहणार नाही.